मुदत ठेव

सातव्या महिन्यात, रविवारी अकराला
धायरीच्या आमच्या दोन खोल्यांत ती मुलगी आली.
गळ्यात आयकार्ड. ताक नको म्हणाली.
"नाळेतलं रक्त, मॅडम. एरवी बादलीतच जातं."

बारा वर्षं मी ठेवींच्या टेबलावर बसते.
हा आवाज मी ओळखते.
फंडाचा चेक घेऊन कुणी निवृत्त समोर बसला
की मीही हाच लावते:
थोडा मध, थोडी भीती,
अटी मागच्या पानावर, बारीक अक्षरांत.

"पंच्याहत्तर वर्षं सुरक्षित."
मी मनातल्या मनात आकडा मांडला.
मी नसेन, निरंजन नसेल,
आणि बाळ सुरकुतल्या हातांनी
पावती शोधत असेल लग्नाच्या अल्बमखाली.

"त्याचं त्यालाच किती जणांना लागलं आजवर?"
तिनं स्क्रीनवर दोन पानं पुढे सरकवली.
"आणि तुमची बँकच बुडाली तर?"
ती हसली.
मला हसता येईना.
आधीच्या बँकेवर निर्बंध आले त्या सोमवारी
बिबवेवाडी शाखेचं अर्धं शटर धरून मीच उभी होते.
एक गृहस्थ जेवणाचा डबा घेऊनच रांगेत आले होते,
स्वतःचेच पैसे मागायला.

निरंजन काहीच विचारत नव्हता.
पेन हातात घेऊन बसला होता.

रेवू त्याची थोरली बहीण. नववं लागलेलं.
कुणाचंच जुळलं नव्हतं तिला,
आईचं नाही, बाबांचं नाही,
सात वर्षांच्या ह्याचं तर मुळीच नाही.
अजून कुठे रक्त तपासायला हात पुढे करतो
तेव्हा माफी मागितल्यासारखा करतो.

त्याच्यापुढे मी व्याजाचं गणित काय मांडणार?
आगाऊ चार हजार भरले.
परत मिळणार नाहीत, हेही वाचलं.

रात्री कूस बदलता येत नव्हती.
माझी नाळ खटावला, गोठ्यामागे पुरली आहे.
आई दाखवायची ती जागा. आता तिथे बोअर मारलंय.
"तुझी काय नाळ पुरलीय का तिथं?" असं लोक म्हणतात,
तेव्हा मी गप्प बसते, कारण हो, पुरलीय.
हिची कुठे म्हणायची?
कुठल्याशा शहरातल्या टाकीत,
वजा एकशे शहाण्णव, खाली बारकोड?

कळा गुरुवारी पहाटे सुरू झाल्या.
थर्मोकोलचा डबा निरंजनच्या मांडीवर,
वडगावच्या पुलापर्यंत दोघंही बोललो नाही.

तीन चाळीसला ती आली.
डॉक्टर म्हणाल्या, "कलेक्शन आहे ना तुमचं?
मग फार थांबता येणार नाही.
नाहीतर मी जरा वेळ नाळ तशीच ठेवते,
उरलेलं बाळाकडे जातं."

खिल्लारे सिस्टरांनी काही न विचारता
त्याची दोन बोटं नाळेवर ठेवली.
निळसर, पिळदार, ओल्या दोरासारखी.
मी त्याचा चेहरा उलटा बघत होते.

"चालू आहे," तो म्हणाला.
मग पुन्हा, "अजून चालू आहे."
मग डॉक्टरांकडे न बघताच:
"थांबा. जाऊ दे सगळं तिच्याकडे."

किती वेळ गेला कोण जाणे.
ती गुलाबी होत गेली, आधी ओठ, मग कान.
डबा खिडकीत तसाच, सील न फोडलेला.

बरोबर केलं का, हे मी कुणाला विचारलेलं नाही.
तोही विचारत नाही.
फक्त रात्री दोनला उठून तिच्या कपाळाला हात लावतो,
ताप नसला तरी.

पाचवीला सासूबाईंनी पाटावर कोरा कागद ठेवला,
सटवाईला लिहायला.
घरात पेन सापडेना.
शेवटी त्या मुलीनं दिलेलं फुकटचं पेन मिळालं,
कंपनीच्या नावाचं.
तेच ठेवलं.

सकाळी कागद कोराच होता,
असतोच तो.
पेनाचं टोपण मात्र
अजून सापडलेलं नाही.